रोनिनांच्या वाटेने : सेकिगाहारा ते सेन्गाकुजी

पहिला दिवस : सेकिगाहारा

नागोयाहून पहाटेची गाडी धरून आणि ओगाकीला ती बदलून आम्ही सेकिगाहाराच्या छोट्या स्टेशनावर उतरलो, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि फलाटाच्या टोकाचा दिवासुद्धा धुक्यामुळे नीट दिसत नव्हता. इतक्या लवकर जाऊन तिथे काय करणार, असे नागोयात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने आदल्या रात्री तीनदा विचारले होते. २१ ऑक्टोबर १६०० रोजी इथे समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांनाही सकाळी आठपर्यंत एकमेकांचे झेंडे दिसत नव्हते, तेव्हा नोव्हेंबरातले धुके मिळत असेल तर ते वाया घालवू नये, एवढेच मी तिला सांगितले होते.

स्टेशनाजवळ भाड्याच्या सायकली मिळतात. सगळे रणांगण अंगावर न येणाऱ्या चढउतारांचे असल्यामुळे साठीच्या माणसांनीही निर्धास्तपणे सायकलच घ्यावी, कारण प्रत्येक सरदाराची छावणी जिथे होती तिथे आज झेंडा आणि दगड उभा आहे आणि दोन दगडांमध्ये भातशेते, घरे आणि एखादी शाळा असा बराच पल्ला आहे. सगळा जपान एका अमलाखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी १५९८ मध्ये वारला आणि मागे लहान मुलगा राहिला. त्या मुलाच्या नावाने इशिदा मित्सुनारीने पश्चिमेची फौज जमवली, तोकुगावा इएयासु पूर्वेची फौज घेऊन आला, आणि दुपारी दोनच्या सुमारास जपानच्या पुढच्या अडीचशे वर्षांचा निकाल लागला. मित्सुनारीच्या सासाओ टेकडीवर बांबूचे कुंपण नव्याने उभारले आहे. आम्ही वर पोहोचलो तेव्हा धुके वितळू लागले होते आणि समोर दक्षिणेला मात्सुओ डोंगर हळूहळू उघडा पडत होता. त्या डोंगरावर पश्चिमेच्या बाजूने आलेला कोबायाकावा हिदेआकी हा विशीच्या आतला तरुण सरदार दुपारपर्यंत हलला नाही, आणि हलला तो आपल्याच पक्षावर तुटून पडण्यासाठी. त्याच्या पाठोपाठ वाकिसाका वगैरे आणखी चार सरदार फिरले.

टेकडीवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ पाचोळा झाडत होते. त्यांनी हसून आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला, की तुम्ही पूर्वेचे की पश्चिमेचे. मुलीने भाषांतर केल्यावर पत्नी म्हणाली, "जिंकले त्यांचे." ते ऐकून गृहस्थांनी झाडू बाजूला ठेवला आणि पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्या फुकुशिमा मासानोरीचे पुढे काय झाले ते सांगितले. त्याला बक्षीस म्हणून हिरोशिमाचा जवळजवळ पाच लाख कोकूंचा मुलूख मिळाला, आणि १६१९ मध्ये पुराने पडलेली किल्ल्याची भिंत परवानगीवाचून दुरुस्त केल्याच्या कारणावरून तोच मुलूख काढून घेण्यात आला. त्याच्या जागी हिरोशिमात आसानो घराणे आले. हे नाव पुढे पुन्हा येणार असल्याने ते लक्षात ठेवावे.

कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे अन्न. सरदाराची पत, त्याने बाळगायची फौज आणि त्याच्या सामुराईंचा पगार हे सगळे या एका मापात मोजले जाई. सेकिगाहारानंतर इएयासुने ऐंशीहून अधिक सरदारांचे मुलूख जप्त केले. मोरी घराण्यासारख्यांना जिवंत ठेवले, पण सुमारे बारा लाख कोकूंवरून चार लाखांच्या आत आणले. या तांदळावर जगणारी हजारो सामुराई कुटुंबे त्या हिवाळ्यात धन्याविना झाली. 'सामुराई' हा शब्दच सेवेत हजर राहणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे, त्यामुळे धनी नसलेला सामुराई हा त्यांच्या भाषेत जवळजवळ वदतोव्याघात ठरतो. अशा माणसाला ते रोनिन म्हणतात, म्हणजे लाटेवर वाहणारा माणूस.

दुसरा दिवस : ओसाका

ओसाकाचा किल्ला पाहताना एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी. वरचा मनोरा १९३१ साली नागरिकांच्या देणग्यांतून काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, आणि खंदकाकाठच्या त्या प्रचंड शिळा तोकुगावांनी १६२० नंतर रचलेल्या आहेत. हिदेयोशीच्या मूळ भिंती त्याखाली मातीत गाडलेल्या आहेत. पराभूत घराण्याची स्मृती पुसायची तर किल्ला नुसता पाडून भागत नाही, त्याच्यावर दुसरा बांधावा लागतो, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना चांगले समजत होते.

१६१४ मध्ये हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी आणि इएयासु यांच्यात युद्ध अटळ झाले, तेव्हा एकही मोठा सरदार हिदेयोरीच्या मदतीला आला नाही. आले ते रोनिन, आणि त्यांची संख्या एक लाखाच्या घरात होती असे परंपरेने सांगितले जाते. त्यांत चोसोकाबे मोरिचिका होता, जो एके काळी शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांताचा धनी होता आणि मुलूख गेल्यावर क्योतोत मुलांना शिकवून पोट भरत असल्याचे सांगतात. सानादा नोबुशिगे होता, ज्याला लोक युकिमुरा म्हणून ओळखतात. उकिता घराण्याचा ख्रिस्ती सेनानी आकाशी होता. ही माणसे केवळ निष्ठेपोटी जमली असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते. किल्ल्यात सोने होते, आणि जिंकले तर हरवलेला मुलूख परत मिळण्याची ती शेवटची संधी होती. हिवाळ्यातला वेढा तहाने उठला, तहाच्या आडून खंदक बुजवले गेले, आणि १६१५ च्या उन्हाळ्यात सगळे संपले. हिदेयोरीने आपल्या आईसह किल्ल्यात आत्महत्या केली, मोरिचिकाचा शिरच्छेद झाला, आणि इएयासुच्या छावणीपर्यंत धडकलेला सानादा थकून तेन्नोजीजवळच्या यासुई देवळात विसावला असताना मारला गेला. त्या देवळात आज त्याचा बसलेला पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघे आणि एक मांजर याखेरीज कोणी नव्हते.

संध्याकाळी हॉटेलात परतल्यावर काउंटरवरच्या मुलाने दिवसभर कुठे गेला होता असे विचारले. मी फोनवरच्या भाषांतराच्या साहाय्याने 'रोनिन' हा शब्द उच्चारताच तो खुदकन हसला आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, की मीही एक वर्ष रोनिन होतो. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नापास होऊन पुढच्या परीक्षेच्या तयारीत घरी बसलेल्या विद्यार्थ्याला जपानीत आज हाच शब्द आहे. चारशे वर्षांत शब्दाची तलवार गेली, पण 'सध्या कुठेच नाही' हा अर्थ तसाच राहिला.

शाकाहारी प्रवाशांसाठी एक सूचना इथेच देतो. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी समजू नये, कारण रश्श्याचा पाया बहुधा सुक्या बोनिटो माशाचा असतो. पत्नीने सहा दिवस मुख्यतः उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, घरचे थेपले आणि फळे यांवर काढले, आणि उमेबोशीची तिला इतकी सवय झाली, की परतताना तिने त्याच्या दोन बरण्या आणल्या.

तिसरा दिवस : हिमेजी

हिमेजीचा पांढरा किल्ला सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेला असतो, म्हणून त्याच्या सौंदर्याविषयी लिहीत नाही. सेकिगाहाराचे बक्षीस म्हणून इकेदा तेरुमासाला ५ लाख २० हजार कोकूंचा हा प्रांत मिळाला आणि १६०९ पर्यंत त्याने हा मनोरा उभा केला. एवढे करून १६१७ मध्ये त्याच्या घराण्याला तोत्तोरीला हलवले आणि इथे होंदा घराणे आणून बसवले. होंदांच्या सुनेसाठी बांधलेला भाग आजही दाखवतात. ती सून म्हणजे सेनहिमे, इएयासुची नात आणि ओसाकाच्या किल्ल्यात मेलेल्या हिदेयोरीची विधवा.

या बदल्या मला नव्याने समजल्या. आपल्याकडे वतन हाडाला चिकटलेले असे, आदिलशाही जाऊन मोगल आले तरी देशमुख आपल्या गावातच राही. तोकुगावांच्या जपानात मात्र सरदाराला सगळ्या लवाजम्यासह शेकडो मैल दूर हलवता येई. सामुराईही खेड्यातली जमीन सोडून किल्ल्याखालच्या गावात राहायला आलेला, आणि पगार तांदळाच्या कोठारातून घेणारा असल्यामुळे, धन्याचे नाव यादीतून गेले की त्याच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीनही उरत नसे.

मनोऱ्यात बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात आणि वरचे जिने शिडीइतके उभे आहेत, म्हणून जाड मोजे आणि मोकळे हात असावेत. सकाळी दार उघडतानाच जावे. रात्री आले घातलेल्या सोयासॉससोबत मिळणारे इथले ओदेन, म्हणजे मुळा, अंडी वगैरे शिजवलेला गरम पदार्थ, मी एकट्यानेच खाल्ले आणि ते फार आवडले.

चौथा दिवस : आको

हिमेजी ते आको हा अर्ध्या तासाचा प्रवास आम्ही दीड तासात केला. आइओई या स्टेशनावर फाटा फुटतो, हे पाठ असूनही आम्ही तिथे समोर उभ्या असलेल्या गाडीत चढलो आणि कामिगोरीच्या डोंगरांत जाऊन पोहोचलो. तिथल्या रिकाम्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहताना एका आजीबाईंनी आमच्या तोंडाकडे पाहूनच प्रकार ओळखला, "आको?" असे विचारले आणि पिशवीतली दोन संत्री आमच्या हातावर ठेवली.

आको हे समुद्राकाठचे, मिठागरांवर मोठे झालेले गाव. हिरोशिमाच्या आसानोंची एक धाकटी शाखा १६४५ मध्ये इथे आली आणि १६६१ पर्यंत तिने किल्ला बांधून पुरा केला. मनोऱ्याचा दगडी चौथरा झाला, वर मनोरा मात्र कधीच चढला नाही. आज त्या चौथऱ्यावर उभे राहिले की वारा आणि मिठाचा वास एवढेच मिळते. या घराण्याच्या आसानो नागानोरीने २१ एप्रिल १७०१ रोजी एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या किल्ल्यात, दरबारी शिष्टाचाराचा अधिकारी किरा योशिनाका याच्यावर शस्त्र उपसून वार केला. सम्राटाच्या दूतांच्या स्वागताचे काम त्याच्याकडे होते आणि त्यात किराने त्याचा अपमान केला, असे पुढच्या नाटकांनी घरोघरी पोहोचवले. वैराचे खरे कारण मात्र कागदोपत्री सापडत नाही. किरा जखमी होऊन वाचला. शोगुन, म्हणजे तोकुगावा घराण्यातला राज्यकर्ता, त्सुनायोशी याने त्याच दिवशी नागानोरीला सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण्याची, आज्ञा दिली आणि आको संस्थान जप्त केले. किराला काहीच शिक्षा झाली नाही.

ही बातमी आकोला कशी पोहोचली ते स्टेशनाहून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळते. तिथे एक जुनी विहीर आहे, तिच्या नावाचा अर्थ 'दम खाण्याची विहीर' असा होतो. हायामी तोझाएमोन आणि कायानो सानपेइ हे दोघे एदोहून डोलीत बसून निघाले, भोई बदलत सुमारे ६२० किलोमीटर अंतर त्यांनी साडेचार दिवसांत तोडले, आणि गावात शिरल्यावर या विहिरीवर पाणी पिऊन मगच ते कारभारी ओइशी कुरानोसुकेच्या दारी गेले. डोलीत बसण्यात कसले कष्ट, असे पत्नीने विचारले. धावत्या डोलीत वरून सोडलेली दोरी धरून, हिसके सोसत, झोप न घेता साडेचार दिवस काढणे म्हणजे काय हे किल्ल्याजवळच्या स्वयंसेवक मार्गदर्शकाने दोन्ही हात वर करून आणि मान हलवून असे दाखवले, की तिने प्रश्न मागे घेतला. विहिरीशेजारी एक यांत्रिक घड्याळ आहे, त्याची दारे तासाला उघडतात आणि आत बाहुल्या हीच कथा सांगतात. गावातली मुले त्याकडे बघतही नाहीत.

ज्या फाटकावर पहाटे थाप पडली, ते ओइशीच्या वाड्याचे लांबट फाटक अजून उभे आहे. शेजारच्या ओइशी देवळाच्या वाटेवर दोन्ही अंगांना, पुढे धन्याचा सूड म्हणून किराला मारणाऱ्या ओइशीसह ४७ रोनिनांचे दगडी पुतळे आहेत, आणि बहुतेक प्रवासी त्यांची छायाचित्रे घेऊन परततात. मला मात्र पुतळ्यांपेक्षा त्यानंतरच्या महिन्याभरातला ओइशी अधिक मोठा वाटतो. संस्थान बुडाल्याचे कळताच लोक आकोच्या कागदी चलनाच्या नोटा वटवायला धावले, तेव्हा त्याने त्या दर्शनी किमतीच्या सहा दशांशाने बदलून दिल्या. बुडालेल्या संस्थानाच्या मानाने हा फार चांगला भाव होता. तीनशेच्या आसपास सामुराईंना त्याने उरलेली रोकड वाटली, लढून मरायचे म्हणणाऱ्यांना आवरले, आणि किल्ला झाडून, याद्या लिहून सरकारी प्रतिनिधींच्या हवाली केला. ताबा घ्यायला आलेल्यांत शेजारच्या तात्सुनोचा सरदार होता, घराणे वाकिसाका, तेच सेकिगाहारात बाजू बदललेले.

त्या तीनशेंपैकी सुमारे अडीचशे जण पुढे कुठल्याच कटात नव्हते. कोणी दुसरी चाकरी शोधली, कोणी शेती केली, कोणी नुसतेच दिसेनासे झाले. डोलीतून आलेला कायानो सानपेइ घरी परतला. वडिलांनी त्याला दुसऱ्या धन्याकडे नोकरी ठरवून दिली. कटाची शपथ उघड करता येईना आणि बापाची आज्ञाही मोडता येईना, तेव्हा १७०२ च्या सुरुवातीला त्याने स्वतःचा अंत केला. त्याचे नाव सत्तेचाळिसांत नाही.

आकोत शिओमी मांजू नावाची, आत गोड पुरण आणि चवीला किंचित खारट अशी छोटी मिठाई मिळते. ती शाकाहारी असून चहाबरोबर अतिशय उत्तम लागते, आणि डबा घरापर्यंत टिकेल असे दुकानदार सांगतो, पण आमचा डबा ओकायामापर्यंतही टिकला नाही. हिवाळ्यात इथली साकोशीची कालवे प्रसिद्ध आहेत. १४ डिसेंबरला गावात मोठा उत्सव असतो, त्या सुमारास जायचे असेल तर राहण्याची सोय फार आधी करावी.

पाचवा दिवस : ओकायामा आणि पुढे रेल्वेत

पुणेकर असल्यामुळे ओकायामाला थांबणे भागच होते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतले, ती बाग इथली. पुण्याच्या बागेत वर्षानुवर्षे फिरलेल्या पत्नीला पूल कुठे येणार आणि पाणी कुठे वळणार याचा अंदाज असल्यासारखे वाटत होते, मात्र इथली हिरवळ पाहून तिने तुलना सोडून दिली. नदीपलीकडचा काळा किल्ला उकिता हिदेइएने १५९७ मध्ये पुरा केला. तीन वर्षांनी तो सेकिगाहारात हरला, हाचिजो बेटावर हद्दपार झाला आणि तिथेच १६५५ पर्यंत, म्हणजे विजेत्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या नंतरही, जगला. त्याचा किल्ला बक्षीस म्हणून मिळाला तो मात्सुओ डोंगरावरच्या कोबायाकावाला. तो १६०२ मध्ये वारसाविना मेला आणि घराणे बुडाले. मग इकेदा आले. तीन-चार वर्षांत तीन धनी, आणि दर वेळी मागच्या धन्याची माणसे रस्त्यावर.

दुपारच्या गाडीने तोक्योकडे निघालो. शिझुओका मागे पडले तेव्हा फुजी ढगांत होता, त्यामुळे खिडकीकडे धावलेले सगळे प्रवासी पुन्हा जागेवर बसले. याच शिझुओकात १६५१ मध्ये युइ शोसेत्सु या युद्धशास्त्राच्या शिक्षकाने, वेढा पडल्यावर, आपले जीवन संपवले होते. दहा वर्षांचा शोगुन गादीवर येत असताना रोनिनांना घेऊन सरकार उलथण्याचा त्याचा बेत फुटला होता. सरकारने कटवाल्यांना कठोर शिक्षा दिल्या, पण त्याचबरोबर रोनिन निपजतात कशातून याचाही विचार केला. तोवर मरणशय्येवर घेतलेला दत्तक मान्य होत नसे, त्यामुळे मूल नसलेला सरदार अकस्मात मेला की संस्थान खालसा होई. त्याच वर्षी पन्नाशीच्या आतल्या सरदारांसाठी हा नियम सैल करण्यात आला. खालसा आणि दत्तक हे शब्द ऐकल्यावर झाशी आणि सातारा न आठवणारा मराठी माणूस विरळा. फरक इतकाच, की तोकुगावांनी रोनिनांच्या धास्तीने नियम सैल केला आणि डलहौसीने दोनशे वर्षांनंतर तो आवळला.

सहावा दिवस : तोक्यो

सेन्गाकुजी मंदिरात प्रवेश मुक्त आहे, संग्रहालयाला शुल्क आहे. दफनभूमीच्या दाराशी पेटवलेल्या उदबत्त्यांचा जुडगा अल्प किमतीत मिळतो, आणि प्रत्येक थडग्यापुढे एकेक ठेवत जायचे असते. धुरामुळे डोळ्यांना पाणी येते, म्हणून कोणी रडत आहे की नाही हे इथे ओळखता येत नाही. नागानोरीचे थडगे वेगळ्या कुंपणात आहे, ओइशीच्या आणि त्याच्या कोवळ्या मुलाच्या, चिकाराच्या, थडग्यांवर छप्पर आहे. बाकीचे दगड सारखेच, सत्त्याहत्तर वर्षांच्या होरिबे याहेइचाही.

चंद्रवर्षाप्रमाणे बाराव्या महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री, म्हणजे १७०३ च्या जानेवारीअखेरीस, ४७ जण र्योगोकूतल्या किराच्या वाड्यात शिरले आणि त्याचे शिर घेऊन सुमारे दहा किलोमीटर चालत इथे आले. शिर धुतले ती विहीर वाटेतच आहे. तेरासाका नावाचा एक जण वाटेतून वेगळा झाला, उरलेल्या ४६ जणांना चार सरदारांच्या वाड्यांत ठेवले, आणि पुढचे काही आठवडे सरकार अडचणीत सापडले. धन्यावरची निष्ठा शिकवणारेही तेच आणि राजधानीतल्या खुनाला शिक्षा करणारेही तेच. ओग्यू सोराई या पंडिताचे मत असे होते, की निष्ठेचा मान राखावा पण कायदा मोडू नये, म्हणून सामान्य गुन्हेगारासारखा शिरच्छेद न करता सेप्पुकू द्यावे. २० मार्च १७०३ रोजी तसेच झाले.

संध्याकाळी पावसात आम्ही र्योगोकूला गेलो. किराच्या अवाढव्य वाड्याच्या जागेचा एक चिमुकला तुकडा बाग म्हणून राखला आहे, सभोवती काळ्या फरशीची पांढऱ्या जाळीची भिंत आणि आत एक लहानसे देऊळ. सेन्गाकुजीत गर्दी होती, इथे आमच्याखेरीज छत्री मिटवून देवळापुढे वाकलेली एक बाई होती. आत एका दगडावर त्या रात्री वाडा राखताना मेलेल्या किराच्या सामुराईंची नावे कोरली आहेत. पत्नीने ती बोटाने मोजली, वीस भरली. किराचा दत्तक वारस त्या रात्री लढून जखमी झाला होता, तरी वाडा राखला नाही या दोषावरून ४६ जणांच्या शिक्षेच्याच दिवशी त्याचे घराणे मोडून त्याला सुवा येथे कैदेत धाडण्यात आले, आणि तीन वर्षांनी तो तिथेच वारला. किराचे जे सामुराई त्या रात्री वाचले होते, तेही त्या दिवसापासून रोनिन झाले.